डायमंड काकू आणि गुरुजींची डावी बाजू

मोताळ्याला बदली झाली तेव्हा खोली बघायला म्हणून मी एका घराची कडी वाजवली. दार एका गृहस्थांनी उघडलं आणि मी एक पाऊल मागं सरले. गृहस्थांच्या चेहऱ्याची उजवी बाजू तुकतुकीत, मऊ, जवळजवळ तरुण होती. डावी बाजू मात्र साठी उलटलेल्या, उन्हातान्हात सायकल हाणलेल्या माणसाची होती. मिशी उजवीकडं काळीभोर, डावीकडं पांढरी. भावाभावांत शेत वाटून द्यावं तसा तो चेहरा कुणीतरी मधोमध वाटून दिलेला होता. मला वाटलं, कातडीचा काही आजार असेल. आजाराकडं टक लावून बघू नये म्हणून मी मान खाली घातली, तर त्यांची उजवी चप्पल पॉलिश केलेली होती आणि डावी नव्हती.

"घाबरू नोका मॅडम," आतून आवाज आला. पदराला हात पुसत एक ठेंगण्या, गोल चेहऱ्याच्या बाई बाहेर आल्या. त्यांनी गृहस्थांना खांद्याला धरून आधी एका अंगानं फिरवलं, मग दुसऱ्या अंगानं. "हे बिफोर हाये. अन् हे आफ्टर. आता तुमीच सांगा, फरक दिसते का नाही?"

फरक दिसत होता. नाही म्हणायची सोयच नव्हती. गृहस्थांनी दोन्ही बाजूंनी मिळून एक ओशाळं हसू हसून मला आत यायला सांगितलं. ते गृहस्थ म्हणजे जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले गुरुजी, आणि त्यांना फिरवणाऱ्या त्या बाई म्हणजे आमच्या डायमंड काकू.

काकूंचा घरबसल्या व्यवसाय होता. एक कंपनी होती. ती चेहऱ्याची क्रीम, टूथपेस्ट, केसांचं तेल, फरशीचं औषध आणि हिरव्या रंगाचा एक रस असं काहीबाही बनवायची. ते आपण लोकांना विकायचं, लोकांना कंपनीचं सभासद करायचं, त्यांनी आणखी लोकांना करायचं, आणि खालचा प्रत्येक जण जे घेईल त्यातला चिमूटभर वाटा आपल्याला मिळत राहायचा. काकूंना ज्यांनी सभासद केलं ते खामगावचे एक गृहस्थ होते. त्यांना काकू 'वरचे सर' म्हणायच्या. मी गच्चीवरची खोली पसंत केली तेव्हा काकूंनी माझ्यापुढं दोन कागद ठेवले, एक भाड्याचा आणि एक सभासदत्वाचा. मी नव्या गावात आलेली, अंगात नाही म्हणायची हिंमत आधीच कमी. दोन्हीवर सह्या केल्या. त्या दिवसापासून मी 'खालच्या मॅडम' झाले. कुणी विचारलं की काकू गंभीरपणे सांगायच्या, "आमच्या खालच्या मॅडम वर राह्यतात."

डायमंड ही कंपनीतली मोठी पदवी. आधी सिल्व्हर, मग गोल्ड, मग डायमंड. काकू सिल्व्हरच्या पुढं कधी सरकल्या नव्हत्या, पण गल्लीनं त्यांना परस्पर डायमंड करून टाकलं होतं. आधी चिडवायला म्हणून, मग सवयीनं. काकूंना त्याचं वाईट वाटत नसे. "म्हणू द्या," त्या म्हणायच्या, "तोंडाले सवय असलेली बरी. पुढं सोपं जाते."

त्यांचं एक आवडतं वाक्य होतं. ते त्या तीन बोटं मोजून म्हणायच्या. "एकदा लाईन लागली का येतच राह्यते मॅडम. आपण बसेल असलो तरी येते, निजेल असलो तरी येते, अन् आपण नसलो तरी येते!" तिसऱ्या बोटाला त्यांचा चेहरा असा काही उजळायचा, की आपण नसताना येणारं उत्पन्न बघायला त्या कुठंतरी जवळपासच बसलेल्या असणार अशी माझी खात्री पटायची.

खरं तर काकूंना पैशाची निकड नव्हती. गुरुजींची पेन्शन होती, पिंपळगाव राजाला थोडं शेत बटाईनं दिलेलं होतं, मुलगी लग्न होऊन नाशकात सुखी होती. मग हा खटाटोप कशाला, असं मी एकदा ज्वारी निवडताना विचारलं. काकू हातातलं सूप थांबवून म्हणाल्या, "लगन झालं तई मी गुरुजीची बायको झाली. मंग पोरीची माय झाली. शायेत झेंड्याले गेली का लोक म्हणत, गुरुजीच्या घरून आल्या. किराण्याच्या यादीवर गुरुजीचं नाव, गॅसच्या पुस्तकावर गुरुजीचं नाव. मतदानाच्या चिठ्ठीवर माह्यं असते, पण ते पाच सालातून एकडाव. मले वाटते, माह्यावाल्या नावानं काहीतरी यावं. थोडकंसं का होईना, पण दर महिन्याले यावं."

त्यांचं नाव चंद्रकला होतं, हे मला सभासदत्वाच्या कागदावरून कळलं. त्या नावानं त्यांना हाक मारणारं माणूस मोताळ्यात नव्हतं. गुरुजी तर नाहीच. नवऱ्याबायकोनं एकमेकांचं नाव घ्यायचं नाही, ही त्यांच्या पिढीची रीत. लग्नात उखाण्यापुरतं घेतलं असेल तेवढंच. गुरुजींनी छत्तीस वर्षं रोज सकाळी हजेरीत शेकडो नावं खणखणीत आवाजात पुकारली, पण घरात त्यांची हाक एकच होती, "आयकलं का?" आणि काकूंचं उत्तर ठरलेलं, "म्हणा."

व्यवसायात काकूंची पद्धत त्यांची स्वतःची होती. कंपनीनं दिलेली रंगीत चित्रांची पुस्तिका त्यांनी डाळीच्या डब्याखाली घातली होती. "चित्रातला माणूस कोणाच्या वळखीचा हाये?" त्या म्हणायच्या. "गुरुजीले तालुका वळखते." म्हणून गुरुजींच्या उजव्या बाजूला कंपनीचं सगळं आणि डाव्या बाजूला काही म्हणजे काही नाही. हीच पद्धत घरभर होती. ओसरीची अर्धी फरशी कंपनीच्या औषधानं पुसलेली, अर्धी साध्या पाण्यानं. दाराचा एक पडदा कंपनीच्या पावडरनं धुतलेला, जोडीचा दुसरा न धुतलेला. शेजाऱ्यांची म्हैससुद्धा काकूंनी सोडली नाही. तिची उजवी कूस त्यांनी महिनाभर कंपनीच्या साबणानं धुतली. पण म्हैस डबक्यात दोन्ही कुशींवर सारखीच लोळली आणि तिथं पुरावा मिळाला नाही.

आठवडी बाजाराच्या दिवशी काकू गुरुजींना बाजारात नेऊन बसवत. भाजीवाल्यांच्या रांगेत, वांगी आणि मेथीच्या मधोमध, छत्रीखाली एक लोखंडी खुर्ची. गुरुजी त्यावर मांडीवर हात ठेवून ताठ बसत. खेड्यापाड्यांतून आलेले त्यांचे जुने विद्यार्थी वाकून पाया पडत आणि उठताना त्यांच्या गालाला हात लावून बघत. कुणी म्हणे, "गुरुजी, जरा तिकडं पाहा बरं." गुरुजी पाहत. "आता इकडं." गुरुजी इकडं पाहत. मला त्यांची दया यायची. एकदा मी त्यांना विचारलं, तुम्हाला ह्याचा त्रास नाही होत? ते शांतपणे म्हणाले, "छत्तीस वर्षं फळ्यापुढं उभा राह्यलो मॅडम. आता फळा झालो. तिचं समजावून होऊ द्या."

आणि काकू फळा कोरा ठेवायला फार कडक होत्या. न्हावी दाढी करून गेला की उजव्या गालाला कंपनीचं लोशन आणि डाव्याला तुरटी, असा त्याला हुकूम होता. एकदा त्यानं घाईत दोन्हीकडं लोशन फासलं, तर काकूंनी त्याला चौकातून परत बोलावून गुरुजींचा डावा गाल स्वतः उभं राहून धुऊन घेतला. वरवट बकालला पुतण्याच्या लग्नात हळद लावायला बायका गुरुजींवर धावून आल्या, तेव्हा काकू आडव्या आल्या. "एकाच अंगानं लावा वं बायांनो! दुसरीकडचं सॅम्पल बिघडते!" गुरुजी त्या लग्नाच्या सगळ्या फोटोंत अर्धे पिवळे आहेत.

एवढं करून माल मात्र फारसा खपायचा नाही, कारण काकूंना खोटं बोलता येत नसे. कुणी विचारलं, हे लावल्यानं गुडघेदुखी थांबते का, तर त्या म्हणत, "मले काय माहीत? गुरुजीचे गुडघे दुखत नाहीत." कुणी हौसेनं दोन टूथपेस्ट मागितल्या तर तोंड उघडायला लावून आत बघत. "तुमच्या दाताले काही झालं नाही. काहाले घेता?" आलेलं गिऱ्हाईक चहा पिऊन, कपाळाला हळदीकुंकू लावून रिकाम्या हातानं परत जायचं. वरचे सर फोनवर कपाळ बडवून घेत असतील. खात्रीचं गिऱ्हाईक काय ती मी एकटी होते. दर महिन्याला एक टूथपेस्ट घ्यायचीच, असा माझा नेम झाला होता. ती टूथपेस्ट काळपट हिरवी होती आणि तिची चव ओल्या सुतळीसारखी लागायची. फेस येत नसे. काकू म्हणत, "फेस काय करता मॅडम? दात घासाचे हायेत का लुगडी धुवाची हायेत?"

पहिलं उत्पन्न आलं तो दिवस मला नीट आठवतो. मी शाळेतून येऊन जिना चढत होते आणि काकू मोबाईल दोन्ही हातांत आरतीच्या ताटासारखा धरून खाली उभ्या होत्या. "वाचा," त्या म्हणाल्या. त्यांना स्वतःला चांगलं वाचता यायचं, पण दुसऱ्यानं वाचलं की खरं वाटतं, असं त्यांचं म्हणणं. मी वाचलं, "अभिनंदन चंद्रकला! या महिन्याचं तुमचं उत्पन्न जमा झालं आहे. अशीच प्रगती करत राहा." जमा झालेल्या रकमेत किलोभर शेंगदाणेही आले नसते. काकूंनी आकड्याकडं बघितलंसुद्धा नाही. "परत वाचा," म्हणाल्या. मी तीनदा वाचलं. गुरुजी ओसरीवर, साध्या पाण्याच्या अर्ध्या भागात बसले होते. नाव आलं की ते दर वेळी भिंतीकडं बघून हसत होते.

त्यानंतर काकूंनी डायमंड व्हायचं मनावर घेतलं. नागपूरला कंपनीचा मेळावा भरायचा. डायमंड झालेल्यांना तिथं स्टेजवर बोलावत, लाऊडस्पीकरवरून नाव पुकारत आणि माणसं उभी राहून टाळ्या वाजवत. काकू एकदा प्रेक्षकांत बसून ते बघून आल्या होत्या. आता त्यांनी माझ्या जिन्यावर सराव सुरू केला. मी गच्चीवर उभं राहून नाव पुकारायचं, त्यांनी हात जोडून, पदर सावरत अकरा पायऱ्या चढून यायचं. पहिल्या दिवशी मी जरा लाजत "चंद्रकला" म्हणाले. काकू तिसऱ्या पायरीवर थांबल्या.

"असं कानात सांगू नोका मॅडम. जोऱ्यानं म्हणा. तिथं मोठा हॉल राह्यते."

मी जोरात म्हणाले. शेजारचे लोक बाहेर आले. "अजून जोऱ्यानं," काकू म्हणाल्या. शेवटी मी शाळेच्या मैदानावर कवायत घेते त्या आवाजात ओरडले, तेव्हा कुठं त्या समाधानानं वर आल्या. हे आम्ही आठवड्यातून दोनदा तरी करायचो. गल्लीतल्या लोकांना वाटायचं, घरमालकीण आणि भाडेकरू यांचं बिनसलं आहे.

मग ती पौषातली थंडी आली. गुरुजी पिंपळगाव राजाहून शेतातल्या हरभऱ्याचं काम बघून मोटारसायकलवरून आले. मफलर घरीच विसरले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिताना तो त्यांच्या तोंडाच्या डाव्या कोपऱ्यातून सदऱ्यावर सांडायला लागला. काकू हसल्या, मग त्यांनी नीट बघितलं आणि त्यांचं हसू जागच्या जागी विरलं. गुरुजींचा डावा गाल खाली ओघळला होता. डावा डोळा मिटत नव्हता. मी सुट्टी टाकली आणि गाडी करून आम्ही तिघं बुलढाण्याच्या डॉक्टरांकडं गेलो. सगळ्या वाटेत काकू गुरुजींचा डावा गाल तळहातानं उचलून धरून बसल्या होत्या.

डॉक्टरांनी हातपाय, जीभ, सगळं तपासलं. म्हणाले, मोठं काही नाही, चेहऱ्याची नस सुजली आहे. गोळ्या लिहून दिल्या, डोळ्यावर झोपताना पट्टी लावायला सांगितली, तोंडाचे व्यायाम आणि फुगे फुगवायला सांगितले. "बहुतेक भरून येईल. पण पूर्ण येईलच असं आज सांगता येणार नाही." काकूंनी विचारलं, "डाक्टरसाहेब, हे बाजू म्या कोरी ठेवली म्हून झालं का?" डॉक्टरांना प्रश्न कळला नाही. गुरुजींनी वाकड्या तोंडानं त्यांना समजावायचा प्रयत्न केला आणि ते कुणालाच कळलं नाही.

आम्ही परत येईपर्यंत गावभर झालं होतं. गुरुजींच्या तोंडावरून वारं गेलं. आणि कोणत्या बाजूनं गेलं? तर डाव्या! जिला आजवर कंपनीचं बोटही लागलं नव्हतं त्या! क्रीमची बाजू मात्र जशीच्या तशी! एवढा लख्ख पुरावा मोताळ्यानं कधी बघितला नव्हता. ओसरीवर बायकांची ही गर्दी. धुतलेल्या पडद्याकडच्या बाजूला चपलांचा ढीग. वरवट बकालहून तर एक जीप भरून माणसं आली. त्यातली एक बाई माझा हात धरून म्हणाली, "आमच्या सासऱ्याच्या दोन्ही बाजू अजून चालू हायेत. काही व्हाच्या आधी चार डब्या द्या वं माय." फोन वाजायचा थांबेना. काकू आत गुरुजींच्या घशाखाली गोळी गेली का ते बघत होत्या, आणि बाहेर मी, मूर्खासारखी, वहीवर मागण्या उतरून घेत होते. तासाभरात माझ्या ध्यानात आलं, की एवढा माल गेला तर काकू गोल्डवर न थांबता सरळ डायमंड होतील.

वरच्या सरांच्या ते माझ्या आधी ध्यानात आलं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी ते फोटोग्राफर घेऊनच आले. गळ्यात टाय, टायवर कंपनीचा बिल्ला. "काकूजी," ते म्हणाले, "अशी केस मी आजवर पाहिली नाही. गुरुजींचा एक फोटो. मोठं पोस्टर करू, सगळ्या जिल्ह्यात लावू. तुमचं डायमंड पक्कं समजा. नागपूरच्या स्टेजवर पहिलं नाव तुमचं."

मी काकूंकडं बघत होते. अकरा पायऱ्या चढून त्या कशा यायच्या ते माझ्या डोळ्यांपुढं होतं. काकू सरांना म्हणाल्या, "पण हे क्रीम लावल्यानं अन् न लावल्यानं झालं का? डाक्टर तं म्हणते, नस सुजली. थंड्या हवेनं."

"आपण कुठं काय म्हणतो?" सर म्हणाले. "आपण फक्त फोटो लावायचा. म्हणायचं ते लोक म्हणतील."

तेवढ्यात गुरुजी भिंत धरून आतून आले. बाजारातली ती लोखंडी खुर्ची त्यांनी स्वतः ओढली, अंगणात उजेडात ठेवली आणि मांडीवर हात ठेवून ताठ बसले. मान वळवून त्यांनी आपला पडलेला गाल कॅमेऱ्यापुढं केला. "आयकलं का," ते म्हणाले. ओठ मिटत नव्हते, शब्द डावीकडून सांडत होते, पण सगळ्यांना कळलं. "काढू दे फोटो. तुह्यं नाव येते स्टेजवर."

मला रडू फुटलं. फोटोग्राफरनं कॅमेरा डोळ्याला लावला.

काकू घरात गेल्या. क्रीमची नवी डबी घेऊन आल्या, दातानं तिचं सील फोडलं, आणि चार बोटं भरून ती क्रीम गुरुजींच्या डाव्या गालावर थापली. मग कपाळाला, मग हनुवटीला, मग मानेला. घराला चुना द्यावा तशी त्यांनी डबी संपवली आणि दुसरी मागितली. फोटोग्राफर म्हणाला, "अहो, चेहरा दिसत नाही." सर उडालेच. "काकूजी, काय करता! बिफोर गेलं ना! आता बिफोर कुठून आणायचं?"

"नाही आणाचं," काकू म्हणाल्या. "माह्या माणसाची पडेल बाजू इकाले ठेवेल नाही."

मग त्या ओसरीकडं वळल्या आणि जमलेल्या बायकांना सांगितलं, की ज्यानं त्यानं घरी जावं, आणि कोणाचं तोंड वाकडं झालं तर डाक्टरकडं जावं, क्रीम घेऊन बसू नये. माझ्या हातातली वही घेऊन ती त्यांनी चुलीच्या जळणात टाकली. बायका भयंकर चिडल्या. आयुष्यात प्रथमच त्या पैसे घेऊन आल्या होत्या आणि त्यांना माल मिळत नव्हता. जीपवाली बाई तर भांडून गेली, की स्वतःच्या नवऱ्याला दोन-दोन डब्या फासता आणि आमच्या सासऱ्याला एक देत नाही. वरचे सर टाय सैल करून बराच वेळ पायरीवर बसले आणि काकूंनी दिलेला चहा पिऊन खामगावला गेले. ते पुन्हा आले नाहीत.

नंतरचा दीड महिना फुग्यांचा होता. गुरुजी सकाळ-संध्याकाळ फुगे फुगवत. फुगवलेला फुगा फोडायचा काकूंना धीर होत नसे, म्हणून त्या तो ओसरीला बांधून टाकत. रस्त्यानं जाणारे लोक वाढदिवस कुणाचा ते विचारायला आत येत. हळूहळू गुरुजींचा डोळा मिटायला लागला, मिशी जागेवर आली, आणि एका सकाळी ते पूर्ण शिट्टी वाजवू शकले. काकूंना वाटत होतं, क्रीममुळं. गुरुजींना वाटत होतं, गोळ्यांमुळं. मला काय वाटत होतं ते मला कुणी विचारलं नाही. पण गुरुजी आता दोन्हीकडून सारखे तुकतुकीत झाले होते आणि व्यवसायाचा फळाच पुसला गेला होता. न धुतलेला पडदाही काकूंनी धुतला. ओसरीची फरशी सगळी एकाच पाण्यानं पुसली जाऊ लागली. मला ती फार दिवस परक्याची वाटायची.

काकूंच्या लाईनीत शेवटी मी एकटी उरले. तरी दर महिन्याला तो मेसेज यायचा, कारण दर महिन्याला मी टूथपेस्ट घ्यायचे. काकू जिन्याखाली येऊन उभ्या राहायच्या आणि मी वाचून दाखवायचे. नागपूरचा विषय पुन्हा कधी निघाला नाही. मी एकदा काढला तर म्हणाल्या, "तुमी पुकारलं ना गच्चीवरून इतक्या डाव. साऱ्या गल्लीनं आयकलं." माझी बदली झाली तेव्हा त्यांनी माझी ओटी भरली. तांदूळ, नारळ, खण आणि वर एक टूथपेस्ट. निरोप घेताना डोळे पुसत म्हणाल्या, "लाईन तोडू नोका मॅडम."

मी तोडली नाही. काकू गेल्या त्याला आता दीड वर्ष होईल. सकाळी देवाला फुलं तोडता तोडता अंगणातच बसल्या आणि पुन्हा उठल्या नाहीत. मी मोताळ्याला गेले तेव्हा गुरुजी ओसरीवर भिंतीला टेकून बसले होते. दाढी दोन्ही गालांवर सारखीच पांढरी वाढली होती. मला काकूंची फार आठवण येत होती आणि त्यांच्याच ओसरीवर बसून ती कशी सांगावी हे कळत नव्हतं. निघताना मी मनाशी म्हटलं, आता ती टूथपेस्ट बंद करावी. कुणासाठी घ्यायची?

पण त्या महिन्याची मी आधीच मागवून ठेवलेली होती. पंधराएक दिवसांनी काकूंच्या नंबरवरून फोन आला. पलीकडं गुरुजी होते.

"मॅडम, आला," ते म्हणाले.

"काय आलं, गुरुजी?"

"मेसेज. मी कंपनीले कळवलं नाही अजून." मग म्हणाले, "ती तुम्हाले वाचाले लावत जाये. मी वाचू का?"

आणि त्यांनी वाचलं. एवढ्या वर्षांत जे नाव मी त्यांच्या तोंडून एकदाही ऐकलं नव्हतं, ते त्यांनी हजेरी घ्यावी तसं, सावकाश, पुरतं उच्चारलं. "अभिनंदन चंद्रकला. या महिन्याचं तुमचं उत्पन्न जमा झालं आहे. अशीच प्रगती करत राहा."

माझ्या न्हाणीघराच्या फळीवर आता त्या टूथपेस्टी एकावर एक रचलेल्या आहेत. दात मी दुसऱ्याच पेस्टनं घासते, कारण ओल्या सुतळीची चव मला अजूनही सोसत नाही. पण महिना लागला की नवी मागवते, आणि मग चारआठ दिवसांत गुरुजींचा फोन येतो. ते "आला" म्हणतात. मी "वाचा" म्हणते. पहिल्यांदा त्यांचा आवाज नावापाशी जरासा दबतो.

मग मी म्हणते, "गुरुजी, असं कानात सांगू नका. जोऱ्यानं म्हणा. तिथं मोठा हॉल राह्यते."

आणि गुरुजी पुन्हा वाचतात, जोरात.